जीटीए ६ साठी पीएस ५ आत्ताच घेऊ का?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत राहतो, वय २८. सूतगिरणीच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतो. कॉलेजात असताना घेतलेला सोनीचा पीएस ४ (प्लेस्टेशन ४ हा कन्सोल) अजून धडधाकट आहे, पण त्यावर फुटबॉल आणि कॉल ऑफ ड्यूटी सोडलं तर हल्ली काही खेळवत नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमचा पुढचा भाग, जीटीए ६, येणार म्हणून साठ हजार बाजूला काढून ठेवलेत आणि तारीख सारखी पुढे जातेय. मित्र तीन आणि सल्ले तीन. एक म्हणतो पीएस ५ घेऊन टाक. दुसरा म्हणतो एक्सबॉक्स घे आणि महिन्याच्या वर्गणीत गेम देणारा गेम पास लाव. तिसऱ्याचा भाऊ दुबईला असतो, तो निन्टेन्डोचा स्विच २ आणून देतो म्हणतोय. नवीन गेमचे ट्रेलर बघतो तर सगळे एकसारखेच वाटतात. पुढे येणाऱ्यांपैकी नक्की कशाची वाट बघायची? प्री-ऑर्डर करू का? मला रात्री जेवणानंतर तासभरच मिळतो. शिवाय घरी मोठा दादा म्हणतो, लग्नाचं वय झालं, अजून गेम कसले खेळतोस. – एकतासवाला

उत्तर :

एकतासवाल्या,

उत्तर आधी देऊन टाकते, कारणं नंतर. पीएस ५ घे, डिस्कवाला घे. पण जीटीए ६ साठी म्हणून घेऊ नकोस. आणि प्री-ऑर्डर कुठल्याच गेमची करू नकोस, जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारच्याही नाही.

‘थांब, स्वस्त होईल’ हा सल्ला कन्सोलच्या बाबतीत तुझ्या पीएस ४ पर्यंत खरा होता. पीएस २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ वर उतरला. पीएस ३ चा साठ जीबीचा डबा २००६ मध्ये ५९९ डॉलरला होता, तीन वर्षांनी त्याची स्लिम आवृत्ती २९९ ला आली. पीएस ४ सुद्धा ३९९ वरून २९९ झाला. पीएस ५ ने ही रीतच मोडली. आपल्याकडे तो फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, पुढे त्याचेच ५४,९९० झाले. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास डॉलरने वाढला. एक्सबॉक्सने तर तिथे एकाच वर्षात दोनदा भाव चढवले. चिप बनवण्याचा खर्च पूर्वीसारखा दरवर्षी उतरत नाही, त्यात आता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून तीही महागली आहे. त्यामुळे जीटीए ६ येईपर्यंत दम धरलास तर कन्सोल स्वस्तात पडेल ही आशा सोडून दे. सणासुदीच्या सेलमध्ये चार-पाच हजार सुटतात, तेवढीच काय ती बचत.

गेमचं मात्र बरोबर उलटं आहे. पहिल्या दिवशी पाच हजारांच्या आसपास मोजून घेतलेला मोठा गेम वर्षभरात सेलमध्ये निम्म्यावर येतो, सेकंडहँड डिस्क त्याच्याही खाली. वर त्या वर्षभरात त्यातले घोळ निस्तरलेले असतात. म्हणजे पहिल्या दिवशी घेणारा जास्त पैसे देऊन अर्धा-कच्चा गेम घेतो आणि शेवटी येणारा कमी पैशात पक्का. कन्सोल लवकर, गेम उशिरा. माझं सगळं म्हणणं या चार शब्दांत आलं. तू नेमकं उलटं करायला निघाला आहेस.

आता जीटीए. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा ‘२०२५’ असं सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये २६ मे २०२६ ही तारीख दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तीही मोडून १९ नोव्हेंबर २०२६ केली. तिसऱ्यांदा दिलेली तारीख पाळली जाईल का, यावर मी पैज लावणार नाही. गेम चांगला होईल असं मला मनापासून वाटतं. लुसिया आणि जेसन ही जोडी, लिओनिडा नावाचं फ्लोरिडाच्या वळणावरचं राज्य, जुन्या जीटीएतल्या व्हाइस सिटीत परत जाणं. दुसरा ट्रेलर तर साध्या पीएस ५ वरच टिपलेला आहे आणि त्यात निम्मा खेळ, निम्मी कथादृश्यं असल्याचं रॉकस्टारने स्वतः सांगितलंय. पण तो ट्रेलर बघताना तुला कळलं का, गाडी वळवताना ती जड लागते की हलकी? पिस्तूल रोखल्यावर नेम सरकतो कसा? आडोशाला लपायचं बटण एका दाबात ऐकतं का? ट्रेलरमध्ये हे कळतच नाही. सगळे ट्रेलर तुला एकसारखे वाटतात त्याचं कारण हेच आहे. सगळ्यांत संथ कॅमेरा, मोठं संगीत, पडणारी ठिणगी आणि शेवटी नाव. गेम हा हातात कळतो, आणि ट्रेलर हात सोडून बाकी सगळं दाखवतो.

रॉकस्टारवर माझा राग नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ त्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये आणला तो पीएस ४ वर पहिल्या दिवसापासून पक्का चालला. तू खेळला नसशील तर तुझ्याच यंत्रावर, काहीशेच्या सेकंडहँड डिस्कवर, तो आजही आहे, आणि जीटीए ६ कसा असेल याचा सगळ्यात प्रामाणिक ट्रेलर तोच. पण त्याच रॉकस्टारच्या नावाने २०२१ च्या नोव्हेंबरात जुन्या तीन जीटीएंची नव्याने रंगवलेली तिकडी आली, तेव्हा पावसाच्या रेषांमुळे समोरचं दिसेना, माणसांचे चेहरे मेणासारखे झाले आणि कंपनीला माफी मागावी लागली. जीटीए ५ चा ऑनलाइन भाग २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा सुरुवातीचे काही दिवस बहुतेकांना त्यात शिरताच आलं नव्हतं. इतकं सगळं झाल्यावर पहिल्या दिवसाची घाई कशाला?

आणि सायबरपंक २०७७ हा गेम विसरू नकोस, तू पीएस ४ वाला आहेस म्हणून तर अजिबात नाही. १० डिसेंबर २०२० ला तो आला. साध्या पीएस ४ वर गाड्या हवेतून उगवायच्या, रस्ते रिकामे, दहा मिनिटांत गेम बंद पडून होम स्क्रीन. आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. पुढच्या जूनमध्ये तो परत ठेवला. २०२३ मध्ये २.० चा मोठा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आणि फँटम लिबर्टी हा भाग आला, तो फक्त नव्या कन्सोलवर आणि पीसीवर. पीएस ४ वाल्यांना त्यातलं काहीच मिळालं नाही. ज्यांनी सगळ्यात आधी, सगळ्यात जास्त उत्साहाने पैसे भरले त्यांच्या हाती सगळ्यात वाईट गेम पडला. आज तो पीएस ५ वर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि खरंच फार चांगला आहे.

तारखेचं काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्या घरचंच आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइमचा नवा अवतार युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केला, आणि काम होतं पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे. एवढ्या मोठ्या नावाचा कन्सोल गेम आपल्याकडे घडतोय म्हणून आम्ही सगळे हरखलो होतो. जानेवारी २०२१ म्हणता म्हणता मार्च झाला, मग तारीखच गेली. २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवलं. पुढे २०२६ साल सांगितलं. आणि २०२६ उजाडलं ते जानेवारीत हा गेम रद्द झाल्याच्या बातमीने. पाच वर्षांहून जास्त काळात हाती काय, तर एक ट्रेलर. पहिल्या ट्रेलरनंतर त्याच्या ग्राफिक्सवर लोकांनी तोंडसुख घेतलं त्यात आपलेच लोक पुढे होते, हे जाता जाता सांगून ठेवते. पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा राजी हा गेम मात्र २०२० मध्ये खरोखर आला आणि पीएस ४ वरही आहे. मारामारी जरा अडखळत चालते, पण राजस्थानी किल्ल्यांसारखे ते महाल आणि मधूनच सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या देवांच्या गोष्टी, यासाठी दोन-तीन शनिवार द्यायला हरकत नाही. छोटा आहे, लवकर संपतो.

मग पीएस ५ घ्यायचा तो कशासाठी? जे आलेलं आहे त्यासाठी. आणि तुझ्यासारख्या एका तासाच्या माणसाला जे आलंय तेच पुरून उरेल.

डबा उघडल्यावर ॲस्ट्रोज प्लेरूम आधीच आत असतो, फुकट. तो दोन-तीन रात्रीत संपव. त्याने कंट्रोलरची ओळख होते. मग ॲस्ट्रो बॉट घे. सप्टेंबर २०२४ चा, टोकियोच्या टीम असोबीचा, त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम ठरलेला. लहान मुलांचा समजून हसू नकोस. तो छोटा रोबो वाळूवरून चालतो तेव्हा तळहाताला खरखर वेगळी लागते, पत्र्यावरून गेला की टकटक वेगळी, छत्रीवर पाऊस पडला तर थेंब मोजता येतील असं वाटतं. ट्रिगर अर्ध्यावर अडतो, मग जोर लावला की सुटतो. लेव्हल पंधरा-वीस मिनिटांची. तुझ्या तासात तीन बसतात आणि चौथी उद्यावर टाकताना मनाला लागत नाही. वर्षानुवर्षं फुटबॉल आणि गोळीबार यांच्यातच फिरणाऱ्या हाताला हा गेम आधी द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. युबिसॉफ्ट सोडून गेलेल्या गिलोम ब्रोशने फ्रान्समधल्या माँपेलिए गावी स्टुडिओ काढला, मूळ गट तीसेक माणसांचा, आणि एप्रिल २०२५ मध्ये पन्नास डॉलरला, म्हणजे मोठ्या गेमच्या चालू भावापेक्षा वीस डॉलर कमीला, हा गेम आणला. डिसेंबरच्या द गेम अवॉर्ड्समध्ये नऊ पुरस्कार नेले, तो विक्रम आहे. इकडे हजारो माणसांची युबिसॉफ्ट पाच वर्षांहून जास्त काळात पर्शियाच्या त्या राजपुत्राला उभं करू शकली नाही. असो.

गोष्ट अशी : समुद्रापलीकडे एक चित्रकर्ती वर्षातून एकदा जागी होते आणि एका प्रचंड शिळेवर एक आकडा रंगवते. त्या वयाची आणि त्याहून मोठी सगळी माणसं त्या क्षणी फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. आकडा दरवर्षी एकाने कमी होतो. यंदा तेहतीस. ज्यांच्याकडे एकच वर्ष उरलंय त्यांची तुकडी तिला मारायला निघते. पहिल्या अर्ध्या तासातच तू कंट्रोलर खाली ठेवून गप्प बसशील.

पण मी तो सुचवतेय तो गोष्टीसाठी नाही, लढाईसाठी. लढाई पाळीपाळीने होते : तुझी पाळी, मग शत्रूची. शत्रूच्या पाळीत मात्र हात बांधून बसायचं नाही. तो तलवार उचलतो, वर धरून ठेवतो, फसवतो, आणि एकदम खाली आणतो; नेमक्या त्या निमिषात बटण दाबलंस तर वार परतवला जातो. वाराच्या सगळ्या मालिका अशा परतवल्यास तर तुझा माणूस उलटा असा काही ठोसा देतो की समोरचा अर्धा गळतो. सुरुवातीला परतवायच्या फंदात पडू नकोस. चुकवायचं बटण वेगळं आहे आणि त्याला वेळ जास्त मिळतो. आधी चुकवायला शीक. चुकवणं बिनचूक जमलं की गेम तसं दाखवतो, तेव्हा समज की आता हा वार परतवता येईल. डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेव, वार सुटण्याआधी आवाज बदलतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ लावायला विसरू नकोस, नाहीतर तुझा दाब बरोबर असूनही उशिरा पोचेल आणि तू स्वतःला दोष देत बसशील. फारच जड जात असेल तर ‘स्टोरी’ पातळीवर ठेव, त्यात कमीपणा नाही. मधे मधे झेंडे रोवलेले आहेत, तिथे थांबायचं, विश्रांती घ्यायची, झोपायला जायचं. तास जमतो.

घोस्ट ऑफ योतेई ऑक्टोबर २०२५ चा. १६०३ सालचं एझो, म्हणजे आजचं होक्काइदो, आणि घरच्यांना मारणाऱ्या सहा जणांच्या मागावर निघालेली आत्सू. दिसायला डोळ्यांचं पारणं फेडतो. नकाशावर बाण नाही, वाऱ्याची झुळूक वाट दाखवते. माझ्या मते मधला भाग जरा पाणी घालून वाढवलाय. वर्षअखेरच्या सेलमध्ये घे, पूर्ण भावात नको.

आणि जे विकत घेऊ नयेत त्यांच्याबद्दलही एक. फक्त ऑनलाइन चालणारा, नवाकोरा, अजून कोणी खेळत नसलेला गेम पैसे देऊन घेऊ नकोस. सोनीचाच कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद झाले. पैसे परत मिळाले हे खरं, पण दोन आठवड्यांत आख्खा गेम जगातून नाहीसा झाला, डिस्क असलेल्यांच्या हाती नुसती चकती उरली.

पुढे येणाऱ्यांपैकी माझं लक्ष कशावर आहे, तर सगळ्यात आधी सॅरोसवर. ३० एप्रिल २०२६, फक्त पीएस ५. फिनलंडच्या हाउसमार्कचा, रिटर्नल ज्यांनी केला त्यांचा. नायकाचं नाव अर्जुन देवराज, भूमिका राहुल कोहलीची. मोठ्या कन्सोल गेमचा नायक आपल्या नावाचा, आणि तो टॅक्सी चालवत नाही की कॉल सेंटरात बसत नाही, परग्रहावर मरतो आणि पुन्हा उठतो. पण एकतासवाल्या, तुला यात सावध राहायला हवं. रिटर्नल आला तेव्हा मधेच सेव्ह करून उठायची सोयच नव्हती; दोन-दोन तासांची फेरी, आणि लाइट गेली की सगळं पाण्यात. लोकांनी ओरड केल्यावर काही महिन्यांनी ती सोय दिली. सॅरोसमध्ये मेल्यावरही काही ताकद कायम राहते असं त्यांनी सांगितलंय. आला की तासाभराच्या माणसांना कसा जातोय हे आधी बघ, मग घे.

००७ फर्स्ट लाइट या जेम्स बाँडच्या गेमची तारीख २७ मे २०२६, मार्चचा तोही पुढे गेला. हिटमॅन करणाऱ्या आयओ इंटरॅक्टिव्हचा आहे आणि एका जागेत शिरायचे दहा रस्ते ठेवणं त्यांच्याइतकं कोणाला जमत नाही. बाँड तरुण आहे, अजून ००७ झालेला नाही. दाखवलेल्या तुकड्यांत गाड्यांचा पाठलाग आणि स्फोट जरा जास्तच आहेत. त्यांनी हिटमॅनचा संयम सोडला असेल तर मी निराश होईन. रेसिडेंट ईव्हिल रेक्विएम हा भीतीचा गेम, २७ फेब्रुवारी २०२६ चा. तो करणारं कॅपकॉम इतक्यात क्वचितच फसलंय, त्यामुळे इथे धोका कमी. रात्री एकट्याने, दार लावून खेळणार असशील तर पहिल्या व्यक्तीच्या नजरेतून, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून खेळ, तिसऱ्या व्यक्तीच्या, म्हणजे त्याच्या पाठीमागून बघणाऱ्या नजरेने भीती निम्मी होते. वुल्व्हरिनबद्दल माझं मत राखून ठेवते. स्पायडरमॅन करणारी इन्सोम्नियाक आहे, म्हणजे हात सफाईदार असणार, पण दोन तास पंजे मारून कंटाळा येणार नाही असं काहीतरी त्यांनी दाखवलेलं मला अजून दिसलेलं नाही.

आता उरलेले दोन मित्र. एक्सबॉक्सवाल्याचा सल्ला तीन वर्षांपूर्वी उत्तम होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पास अल्टिमेटचे आपल्याकडे महिन्याला ८२९ चे १,३८९ झाले, म्हणजे वर्षाला साडेसोळा हजारांच्या वर. रोज चार तास खेळणाऱ्याला ते परवडेल. तू तासाचा धनी. तुझ्या हातून महिन्याला फार तर एक गेम संपेल. त्या पैशात वर्षाला सात-आठ सेकंडहँड डिस्क येतात आणि खेळून झाल्यावर विकताही येतात. शिवाय एक्सबॉक्सचे स्वतःचे गेमच आता सोनीच्या दारात येताहेत. फोर्झा होरायझन ५ आला, गिअर्स आला, हेलो येतोय, जपानमधली नवी फोर्झाही थोड्या उशिराने येईल. मग वेगळा डबा घ्यायचं कारण काय उरलं?

स्विच २ यंत्र म्हणून मला आवडतो आणि डाँकी काँग बनान्झा हा २०२५ मधला सगळ्यात मजेदार गेम आहे. भिंत दिसली की फोड, डोंगर दिसला की पोखर. पण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. बिघडला तर दुबईच्या भावाला परत न्यायला सांगावं लागेल. मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलर, आणि निन्टेन्डोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं भाव सोडत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये गेम नसतो, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोडच करावा लागतो. तरी घ्यायचाच ठरवलंस तर एक लक्षात ठेव : जपानमध्ये स्वस्तात मिळणारा स्विच २ फक्त जपानी भाषेत चालतो. भाऊ कुठून उचलतोय ते विचार.

पैशाचं गणित सोपं आहे. साठातले पंचावन्न कन्सोलला, सेल साधलास तर पन्नास. उरलेल्यात नवा गेम एक किंवा वापरलेले दोन-तीन. डिजिटल आवृत्ती स्वस्त दिसते म्हणून भुलू नकोस, तिच्यावर उसनी डिस्क चालत नाही की जुनी विकता येत नाही, दुकान एकच आणि भाव तो सांगेल तो. तुझ्या पीएस ४ च्या डिस्क पीएस ५ वर चालतात, त्या कोणाला देऊन टाकू नकोस. बिल तुझ्या नावाने घे. इचलकरंजीत लाइटचा भरवसा नसेल तर हजार व्हीएचा यूपीएस लाव. पीएस ५ खेळताना दोनशे वॉटच्या आसपास ओढतो, कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस टीव्हीसकट दमतो.

हे सगळं करण्याआधी आज रात्री एक कर. ‘खेळवत नाही’ म्हणतोस ते यंत्रामुळे की त्याच त्या दोन गेममुळे, हे आधी कळू दे. हॉलो नाइट : सिल्कसाँग पीएस ४ वर आहे. ॲडलेडच्या मूठभर माणसांनी सात वर्षं खपून केलेला, सप्टेंबर २०२५ ला वीस डॉलरला ठेवला तर ऑनलाइन दुकानं बंद पडली इतकी झुंबड. अवघड आहे. त्यातल्या नायिकेचा, हॉर्नेटचा, खालचा वार सरळ जात नाही, तिरका जातो, त्याची सवय होईपर्यंत काट्यांवर बरंच पडशील. वाटेत बाक दिसला की बस, तोच सेव्ह. मेलास तर जपमाळेचे जमवलेले मणी, म्हणजे तिथले पैसे, तिथेच पडून राहतात, जाऊन उचलायचे. तो लागला तुला, तर प्रश्न यंत्राचा नव्हता, आणि पीएस ५ दिवाळीच्या सेलपर्यंत निवांत थांबू शकतो. नाहीच लागला तरी दोन हजारांच्या आत कळलं.

दादाचं म्हणणं मनावर घेऊ नकोस, पण त्याला वादात हरवायलाही जाऊ नकोस. इट टेक्स टू आण. दोघांनी मिळूनच खेळता येतो, एकट्याला सुरूच होत नाही. त्यात घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं बाहुल्या होऊन अडकलंय आणि दोघांना एकमेकांशिवाय एक दार उघडत नाही. लग्नाचं वय झालेल्या माणसाने खेळावा असाच आहे. दादाला हातोडीवाली बायको दे, तू खिळेवाला नवरा घे, पहिल्याच लेव्हलला तो तुझ्यावर ओरडायला लागेल. डिस्क पीएस ४ ची घे. पीएस ५ चा दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या घरात जातो, आणि तुझा जुना पीएस ४ चा कंट्रोलर पीएस ५ ला जोडला तर पीएस ४ चेच गेम खेळू देतो.